आपल्या इंदुरात पाणी शंभरावर उकळत नाही



दर अंकात या पानावर शिस्त, गणवेश आणि वेळेवर येणे याबद्दल लिहून मीच आता कंटाळलो आहे. तुम्ही वाचून किती कंटाळला असाल याची कल्पना करू शकतो. म्हणून या वेळी कुकर, चहा आणि थर्मामीटर यांच्याबद्दल लिहितो. विषय घरगुती आहे, पण त्यात आपल्या शाळेची एक चूक आहे आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे. ती दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या घरी वेळ मोजण्याचे एकक मिनिट नसून शिट्टी आहे. वरण-भाताच्या तीन शिट्ट्या, छोल्यांच्या सहा. आमच्या सौ. बाजारात निघाल्या की दारातूनच सांगतात, "अहो, तीन झाल्या की गॅस बंद करा." मी पेपरातून मान वर न काढता "हो" म्हणतो. पहिली शिट्टी ऐकू येते. दुसरीही येते. मग शेजारच्या घरातला कुकर वाजतो आणि ही आमची तिसरी की त्यांची पहिली, असा प्रश्न उभा राहतो. आजवर आमच्या घरी वरण कधी कच्चे राहिले, कधी खाली लागले, त्यात शेजाऱ्यांचा हात मोठा आहे.

खरे पाहिले तर शिट्टी हे घड्याळच नाही. कुकरच्या आत वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की झाकणावरचे वजन उचलून जास्तीची वाफ बाहेर पडते. तीच शिट्टी. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर उशिरा होतात. आतले तापमान दोन्ही वेळी साधारण तेवढेच, म्हणजे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि पुढे घड्याळ पाहून मिनिटे मोजावीत. डाळ शिजते आणि गॅसही वाचतो. मी हे सगळे सौ.ना नीट समजावून सांगितले. "मग उद्यापासून कुकर तुम्हीच लावत जा," असे उत्तर मिळाले आणि घरातली विज्ञानसभा बरखास्त झाली.

आता शाळेतली गोष्ट. मागच्या सत्रात आठवीच्या चाचणीत एका गुणाचा प्रश्न होता: पाण्याचा उत्कलनांक किती? माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडात अजून 'क्वथनांक' हाच शब्द बसलेला आहे. पण शब्द कोणताही घ्या, अर्थ एकच, पाणी किती अंशांवर उकळते. सगळ्या वर्गाने १०० अंश सेल्सिअस लिहिले. एका मुलीने लिहिले, ९८. तिच्या उत्तरावर लाल फुली पडली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. हातात प्रयोगाची वही होती. चाचणीच्या दोनच आठवडे आधी त्यांच्या वर्गाने प्रयोगशाळेत पाणी उकळून थर्मामीटरने तापमान घेतले होते. तिच्या वहीत ओळीने आकडे होते: दर दोन मिनिटांनी किती, उकळायला लागले तेव्हा किती, उकळत असताना किती. शेवटचे चार आकडे ९८, ९८, ९८, ९८.

मी काय केले असेल? मुख्याध्यापकाला शोभेल तेच केले. "बाळ, पुस्तकात शंभर दिले आहे ना? मग परीक्षेत शंभरच लिहायचे," असे म्हणालो. वर "थर्मामीटर जुना झाला असेल" अशी पुस्तीही जोडली. ती काही वाद घालणारी मुलगी नाही. फक्त म्हणाली, "सर, मग प्रयोगाच्या वहीत काय लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी त्या वर्गाच्या सगळ्या वह्या मागवल्या. तेहतीस वह्या होत्या. एकतीस वह्यांत पाण्याचे तापमान १०० अंश लिहिले होते. एकात जागा मोकळी होती. आणि एक वही या मुलीची. पाणी एकाच नळाचे, शेगड्या एकाच प्रकारच्या, थर्मामीटर एकाच डब्यातले. मी पुढे काही मुलांना प्रेमाने विचारले तेव्हा खरे बाहेर आले. "सर, दिसले अठ्ठ्याण्णवच होते, पण पुस्तकात शंभर आहे म्हणून शंभर लिहिले."

म्हणजे एकतीस मुलांनी डोळ्यांनी एक पाहिले आणि वहीत दुसरे लिहिले. त्यांना आम्ही बरोबरची खूण दिली. एका मुलीने जे पाहिले तेच लिहिले, तिला फुली दिली. हा एका गुणाचा मामला राहत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

आधी विज्ञान सांगतो, कारण पुष्कळ पालकांच्या मनातही आत्ता "थर्मामीटरच खराब असणार" हेच आले असेल. ते तपासायची सोपी रीत आहे. तोच थर्मामीटर बर्फाच्या वितळत्या चुऱ्यात धरला. त्याने शून्य दाखवले. थर्मामीटर ठीक होता. चूक असलीच तर आमच्या अपेक्षेत होती.

आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्या हवेला वजन आहे. पातेल्यातल्या पाण्यावर ही हवा सतत दाब देत असते. पाणी उकळते म्हणजे त्याच्या वाफेचा दाब या बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला येतो आणि वाफेचे बुडबुडे आतूनच तयार होऊ लागतात. बाहेरचा दाब कमी असेल तर पाण्याला कमी तापूनही ही बरोबरी साधता येते. मुंबई समुद्रकाठी आहे, तिथे हवेचा थर पुरा आहे, पाणी शंभराच्या अगदी जवळ उकळते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर चढलो की उत्कलनांक एक अंशाने उतरतो. पुण्याची उंची जवळजवळ आपल्याएवढीच, त्यामुळे पुण्याच्या आत्याकडे आणि आपल्याकडे चहा सारखाच उकळतो. मग पुणेकर काहीही म्हणोत. महाबळेश्वरला पाणी साडेपंच्याण्णवाच्या आसपास उकळते. लेह ३,५०० मीटरवर, तिथे ८८ च्या आसपास. तिथे पाणी खळखळा उकळत असते आणि डाळ मात्र शिजता शिजत नाही, कारण डाळीला खळखळाटाशी काही देणेघेणे नसते, तिला तापमान लागते. पहाडातल्या घरांत कुकरची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते ती यामुळेच. कुकर दुसरे काय करतो? हवेचा जो दाब डोंगराने काढून घेतला, तो झाकण लावून परत आणतो आणि वर आणखी भर घालतो.

याच कारणाने एक सूचना घरोघरी देतो. पाणी एकदा उकळले की गॅस मोठा ठेवून ते आणखी तापत नाही. फक्त जास्त वाफ होऊन उडून जाते. उघड्या पातेल्यात बटाटे मोठ्या आचेवर उकडा की बारीक आचेवर, पाणी उकळते राहिले तर बटाट्याला दोन्ही सारखेच.

आता त्या शंभराची गंमत ऐका. ज्यांच्या नावाने आपण अंश मोजतो ते आंद्रेस सेल्सिअस स्वीडनमधल्या उप्साला इथले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १७४२ मध्ये आपली मापनपट्टी मांडली. त्या पट्टीत पाणी उकळण्याला शून्य आणि बर्फ वितळण्याला शंभर होते. आजच्या उलट. ती तशीच राहिली असती तर इंदूरच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी आपण "आज ५८ आहे, फार उकडते" म्हणालो असतो. पुढे काही वर्षांतच ती उलटी करून आजच्यासारखी झाली. पण मुद्दा वेगळाच आहे. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनांक बदलतो हे सेल्सिअस यांना पक्के ठाऊक होते. बर्फ वितळण्याचे तापमान कुठेही तेच येते आणि उकळण्याचे मात्र दाबाप्रमाणे हलते, हे त्यांनी स्वतः तपासून लिहून ठेवले होते. म्हणजे ९८ लिहिणारी आपली मुलगी सेल्सिअस यांच्या बाजूची निघाली. विरुद्ध बाजूला आपण होतो.

आणखी एक. १९९० साली जगभरासाठी तापमानाची जी नवी मापनपट्टी ठरली, तिच्यानुसार समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबालाही पाणी ९९.९७ अंशांवर उकळते. शंभराला स्वतःलाच शंभर मिळत नाहीत, आणि आपण मुलांकडून मागतो.

हा ९८ नुसता बरोबर आहे एवढेच नाही. तो उपयोगाचाही आहे. पंडित नैनसिंह रावत यांचे नाव मुलांनी ऐकलेले नसेल. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे ते शाळामास्तर. सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांना मोजणीचे शिक्षण दिले आणि तिबेटात पाठवले. तिबेटात तेव्हा परक्या मोजणीदारांना बंदी होती, म्हणून ते यात्रेकरू होऊन निघाले. हातात जपमाळ, पण मण्यांची संख्या १०८ ऐवजी १००, म्हणजे पावले मोजायला सोपी. सामानात थर्मामीटर लपवलेला. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. वाटेत ठिकठिकाणी ते पाणी उकळून थर्मामीटर पाहत आणि आकडा टिपून ठेवत. पाणी किती अंशांवर उकळते त्यावरून त्या जागेची उंची काढली जाई. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. २००४ साली त्यांच्यावर आपल्या टपाल खात्याने तिकीटही काढले.

आता विचार करा. या मास्तरांनी प्रत्येक मुक्कामी "पुस्तकात शंभर आहे" म्हणून १०० लिहिले असते, तर सगळा तिबेट समुद्रकाठी येऊन बसला असता. त्यांनी जे दिसले ते लिहिले, म्हणून ल्हासाची उंची जगाला कळली. आपल्या मुलीच्या आकड्याचाही हिशेब करून पाहा. शंभराला दोन कमी, दर अंशाला ३०० मीटर, म्हणजे ६०० मीटर. इंदूरची खरी उंची साडेपाचशेच्या आसपास. शाळेचा साधा थर्मामीटर, आठवीची मुलगी, आणि शहराची उंची पन्नास मीटरच्या फरकाने सापडली. उरलेल्या एकतीस वह्यांवरून इंदूर समुद्रकाठी ठरते. तसे असते तर राजवाड्यावरून बंदर दिसले असते आणि सराफ्यात मासळी मिळाली असती.

मुलांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ही सवय त्यांना आम्हीच लावली, आणि आम्हाला आमच्या शिक्षकांनी. मी बी.एस्सी.ला असताना लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वीय त्वरण काढायचे असे. पुस्तकात ९८० दिले होते. आमच्यातले हुशार लोक आधी ९८० लिहीत आणि मग मागे मागे जाऊन झोक्यांचे सेकंद भरत. आमच्या बोलीत याला 'रीडिंग बनाना' म्हणत. मीही बनवली आहेत आणि दहापैकी नऊ गुण घेतले आहेत. गंमत अशी की इंदूरला हा आकडा ९८० पेक्षा थोडा कमी, ९७९ च्या जवळ येतो. आमच्यापैकी एखाद्या गरीब बिचाऱ्याने प्रामाणिकपणे मोजून तो आणला असेल, तर त्याला सात मिळाले असतील.

आमच्या विज्ञानाच्या बाईंची बाजूही सांगायला हवी. त्यांचे म्हणणे असे की एवढा अभ्यासक्रम, एवढी मुले, आणि पुढे बोर्डाची परीक्षा. तिथला परीक्षक ९८ पाहून इंदूरची उंची आठवत बसणार नाही. काही पालकांनीही मला हेच विचारले. हे म्हणणे चुकीचे नाही. म्हणून आम्ही असे ठरवले आहे की उत्तर पुरे लिहायचे: "समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला १०० अंश सेल्सिअस, इंदूरला सुमारे ९८." यात परीक्षकाचा शंभर आहे आणि आपल्या डोळ्यांचा ९८ आहे. लिहायला अर्धी ओळ जास्त लागते. आणि प्रश्नपत्रिका काढताना आम्हीही प्रश्न पुरा विचारू. अर्धा प्रश्न आमचा होता, फुली मात्र मुलीला मिळाली.

तिचा गुण तिला परत दिला. तेवढ्याने भागणार नव्हते, म्हणून सगळ्या वर्गाकडून प्रयोग पुन्हा करून घेतला. या वेळी एकच नियम होता, दिसेल ते लिहायचे आणि वहीत खाडाखोड झाली तरी चालेल. आकडे आले ते असे: ९७, ९८, ९८.५, ९९. एका गटाचे आले ८९! आधी सगळे हसले. मग पाहिले तर त्यांनी थर्मामीटर पाण्यात न बुडवता वर हवेत धरला होता. ही चूक सापडली कशामुळे? त्यांनी ८९ लिहिण्याची हिंमत केली म्हणून. त्यांनी गुपचूप शंभर लिहिले असते तर थर्मामीटर कसा धरायचा हे त्यांना कधीच कळले नसते. एवढ्या वर्षांत मी इतक्या वेगवेगळ्या आकड्यांच्या आणि इतक्या समाधान देणाऱ्या वह्या पाहिल्या नव्हत्या.

हे मी इतके लांबण लावून का लिहितो आहे? कारण आता मुलांच्या हातात जे यंत्र आहे ते पुस्तकापेक्षाही लवकर उत्तर देते. मी माझ्या मोबाइलला मराठीत विचारले, "पाणी किती अंशांवर उकळते?" त्याने एका सेकंदात गोड आवाजात १०० सांगितले. मी कुठे उभा आहे हे त्याने विचारले नाही. खरे म्हणजे मी कुठे उभा आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असते, कारण त्याच फोनवर मला रोज "इंदूर: आजचे हवामान" दिसते. उत्तर देणारी यंत्रे वाढतच जाणार आहेत आणि त्यांचा मला राग नाही. माझे बिल, तिकीट, बँक सगळे त्यांच्यावर चालते. पण यंत्राने शंभर सांगितले आणि समोरच्या पातेल्यात अठ्ठ्याण्णव दिसले, तर पातेल्याकडे पुन्हा एकदा पाहण्याची सवय मुलाला हवी. ती सवय मोबाइल लावणार नाही. ती शाळेने आणि घराने लावायची आहे. आणि आम्ही तर आजवर नेमकी उलटी सवय लावत होतो.

घरीही हे करता येईल. मुलाने "आई, हे असे दिसते आहे" असे सांगितले तर "पुस्तकात काय आहे ते बघ" म्हणण्याआधी "दाखव बघू" म्हणा. एवढेच. पुष्कळदा मुलाची चूक निघेल. तीही त्याला स्वतःलाच सापडू द्या.

शेवटी एक निमंत्रण. या हिवाळ्यात आठवी-नववीची सहल निघेल तेव्हा सोबत एक छोटी शेगडी, पातेले आणि तीन थर्मामीटर न्यायचे ठरले आहे. आधी महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर, जो आठशे मीटरांहून उंच आहे, चहा होईल. मग घाट उतरून नर्मदेच्या काठी महेश्वरला पुन्हा चहा होईल. हिशेबाप्रमाणे वर पाणी ९७ च्या जवळ उकळले पाहिजे आणि खाली ९९ च्या वर. तसे झाले नाही तर जे झाले तेच पुढच्या अंकात छापू. ज्यांच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय आहे, अशा दोन-तीन पालकांनी सोबत आले तर फार बरे होईल. दाब आणि उकळणे दोन्ही एकाच वहीत येतील.

वही त्या मुलीकडेच राहील, हे वर्गाने एकमताने ठरवले आहे. कुकर नेणार नाही. शिट्ट्या मोजायला मला सोबत घेऊ नये, असे घरून कळवण्यात आले आहे.

आपला,
मुख्याध्यापक